व्याह्याच्या घरची माती

माझं लग्न ठरून वर्षभर अडून राहिलं होतं. हुंड्यावरून नाही, मानपानावरून नाही, मुलाकडच्यांनी नाक मुरडलं म्हणूनही नाही. माझ्या वडिलांची आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांची कुस्ती निकाली होत नव्हती, म्हणून. आताच्या मुलींना हे सांगितलं की त्या पोट धरून हसतात. हसू देत. मी तेव्हा हसत नव्हते, आता त्यांच्याबरोबर हसते.

आमचं गाव वडूजच्या अलीकडं, उघड्या माळावरचं. बाजरी, मटकी, शेंगा, आणि पाऊस पडला तर पडला. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. तरुणपणी ते मोठे पैलवान होते म्हणे. मी पाहिलेले आबा मात्र पन्नाशी ओलांडलेले. दोन्ही कान मोडून वाळक्या उंबरासारखे झालेले, डावा गुडघा उठता-बसता कुरकुरणारा. पण दिवस उगवायच्या आत तालमीत जाऊन जोर-बैठका मारल्याशिवाय त्यांना न्याहारी गोड लागत नसे. घरच्या म्हशीचं दूध आधी आबांना, मग पारडाला, उरलं तर आम्हाला. तुपाच्या बरणीवरून तर आई आणि आबांची रोजची चकमक. आई म्हणायची, “आवं, जावई हुडकायचं वय झालं नि तुमी लंगोट कसला बांधताय?” आबा अंग पुसत म्हणायचे, “यंदाची शेवटची.”

ही शेवटची मी पाळण्यात असल्यापासून चालली होती.

कुस्तीत वय, उंची, ताकद बघून दोघांना समोरासमोर उभं करतात, त्याला जोड म्हणतात. आबांची जोड सांगलीकडची होती. कृष्णाकाठच्या ऊस-हळदीच्या गावचा माणूस, आबांपेक्षा बोटभर बुटका, पण मानेनं रेड्यासारखा. चैत्रात विट्याच्या बाजूला एका देवीची जत्रा भरायची, तिथल्या मैदानात दोघं विशीपासून लढत आले होते. दरवर्षी लढायचे आणि दरवर्षी पंच बरोबरीत सोडवायचे. एकानंही दुसऱ्याची पाठ मातीला लावली नव्हती. त्यांच्या बरोबरीचे बाकीचे पैलवान केव्हाच गळाले. कुणाला दमा लागला, कुणी भाऊबंदकीत अडकला, कुणाला सुनांनी ओसरीवर बसवलं. राहिले हे दोघं, एकमेकांपुरते.

मैदानात कुस्त्यांचा क्रम असतो. आधी पोरासोरांच्या, रेवड्यांवरच्या. मग नारळाच्या. मग फेट्याच्या, आणि शेवटाला मोठ्या इनामाच्या. या दोघांची कुस्ती एके काळी शेवटाला लागायची, माणसं झाडांवर चढायची. मग वर्षागणिक ती मागं सरकत गेली. मी कळती झाले तेव्हा ती नारळावर आली होती. आबा स्वतःच सांगायचे, “आनि चार वर्सं लढलो तर रेवड्या मिळत्याल बग.” आणि एवढं मोठ्यानं हसायचे की पारडू दावं ओढायचं. त्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. माती मिळाली, जोड मिळाली, हलगी वाजली की त्यांना बाकी काही नको असायचं.

माझं लग्न ठरलं ते असंच एका बरोबरीनंतर. जर्मन-जपानची ती मोठी लढाई संपत आली होती तेव्हाची गोष्ट. कुस्ती सुटल्यावर दोघं बाभळीखाली बसले, एकमेकांच्या पाठीला तेल चोळलं, भाकरी-ठेचा खाल्ला. कृष्णाकाठच्या पैलवानानं विचारलं, “तुजी पोरगी केवढी झाली रं?” आबा म्हणाले, “झाली की लग्नाची.” “माजं थोरलं पलटनीत हाय. लॉरी चालवतंय.” झालं. दोघांनी हातावर हात मारला आणि आबा शीळ घालत घरी आले.

आईला आभाळ ठेंगणं झालं. मुलाला मी त्याच जत्रेत ओझरतं पाहिलं होतं. खाकी विजार घातलेला, बापाचं धोतर आणि सदरा खांद्यावर टाकून मैदानाच्या कडेला उभा होता आणि कुस्ती बघताना बापाच्या प्रत्येक डावाबरोबर स्वतःही वाकत होता. मला तो आवडला होता. तेव्हा हे बोलायची सोय नव्हती, आता बोलायला कुणाची भीती नाही.

सगळं छान चाललं होतं, तोवर चुलते आले. तंबाखू मळता मळता ते म्हणाले, “म्हंजे दादा, तुजी कुस्ती सुटली म्हनायची.”

“का बरं?” आबांनी विचारलं.

“का म्हंजे? लेकीचा बाप तू. व्याह्याचं पाय धुवायचं, का त्येच्या छाताडावर बसायचं? आनि त्यानं तुजी पाठ मातीला लावली तर पोरीनं सासरी मान वर कशी करायची?”

आबांचा चेहरा मला अजून दिसतो. जेवताना दाताखाली खडा यावा तसा झाला. आमच्याकडं ही रीतच आहे, शेंबड्या पोरालाही ठाऊक. व्याह्याला पान-सुपारी द्यायची, त्याची गळाभेट घ्यायची, त्याच्यासमोर आवाज चढवायचा नाही. कुस्ती तर लांबचीच गोष्ट. पण बाभळीखाली बसलेल्या दोघा शहाण्यांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. एकमेकांवर जीव म्हणून सोयरीक केली, आणि सोयरीक केली म्हणून एकमेकांना गमावून बसले.

शब्द मोडणं आबांच्या रक्तात नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांना वाट सापडली. “सुपारी फुटंपत्तुर आमी व्याही न्हाई,” त्यांनी जाहीर केलं. “फुडली जत्रा हू दे. एकदा निकाल लागू दे. मग सुपारी फोडू.” कृष्णाकाठाला निरोप गेला. तिकडून उलट टपाली रुकार आला, जणू ते याच निरोपाची वाट बघत होते. मी वर्षभर टांगणीवर.

ते वर्ष मी कसं काढलं माझं मला ठाऊक. विहिरीवर गेलं की बाया विचारायच्या, “काय गं, आबांची कुस्ती कवा निकाली निघनार?” आणि घागरी बुडवता बुडवता फिदीफिदी हसायच्या. माझा तिळपापड व्हायचा. पण एक सांगते, आईनं त्या वर्षी तुपाच्या बरणीवरचं फडकं स्वतः सोडलं. सकाळी आबांपुढं पेला ठेवून म्हणायची, “प्या. आनि एकदाचं पाडा त्यास्नी.” आबांनी इतकं तूप उभ्या जन्मात खाल्लं नसेल.

जत्रा आली. बायका मैदानात जात नसत. मैदानाच्या वरच्या अंगाला उतार होता, तिथं बैलगाड्या सोडलेल्या असत. बायका गाडीत बसून शिदोऱ्या सोडायच्या आणि हलगीच्या आवाजावरून खाली काय चाललंय ते ओळखायच्या. मी आमच्या गाडीच्या साटीवर उभी राहून सगळं बघितलं. आईनं दोनदा लुगडं ओढून मला खाली बसवायला पाहिलं, मी बसले नाही. शेजारच्या झाडाखाली कृष्णाकाठची गाडी होती. माझी होणारी सासू तिच्यात बसून शेंगा सोलत होती, आणि बैलांपाशी तो खाकी विजारवाला उभा होता.

नारळाच्या कुस्त्या लागल्या. दोघं आत उतरले. मातीला हात लावून कपाळाला लावला, शड्डू ठोकले. पोटं सुटलेली, छातीवरचे केस पिकलेले. पहिल्यांदा चार पोरं हसली. पण हातात हात गेला आणि हसू थांबलं. मी कुस्तीतली जाणकार नाही, पण दोघंही घाई करत नव्हते एवढं मला दिसत होतं. इतक्या वर्षांत एकाच्या प्रत्येक डावाचा उतारा दुसऱ्याला पाठ झाला होता. आबा वाकले की ते आधीच सरकलेले, ते घुसले की आबा आधीच फिरलेले. अंगाला माती चिकटून दोघं लालभडक झाले. हलगीवाला रंगात आला. मधेच एकानं दुसऱ्याच्या कानात काही सांगितलं आणि दोघंही हसले, पकड न सोडता.

मग आबांचा डावा गुडघा वाकला. त्यांच्या पायाला मगरमिठी पडली होती. नुसता एक हिसडा दिला असता तरी आबांची पाठ मातीला लागली असती. गाड्यांवरच्या बायकासुद्धा उठून उभ्या राहिल्या. आणि त्या माणसानं पाय सोडून दिला.

आबा एका गुडघ्यावरून ओरडले, “सोडलंस का रं? धर!”

“धरून काय करू? सुनंच्या बापाचा पाय मोडून लग्नात लंगडत नाचवू व्हय?”

अख्खं मैदान खदखदून हसलं. पंचांनी दोघांचे हात वर केले. बरोबरी. दोघांना एकेक नारळ.

आबा उतार चढून आले ते फणफणत. “ही कुस्ती मी धरत न्हाई. दया केली माज्यावर! फुडल्या जत्रंला बगतो.” त्यांच्या मागून नारळ घेऊन ते पैलवानही आले. “खरं हाय गड्या. माजं चुकलं. फुडल्या वर्सी नीट लढू.” दोघांचं लगेच एकमत. मी साटीवर उभी आहे, माझं लग्न आहे, याचा दोघांनाही पत्ता नाही.

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मुलीनं आपल्या लग्नाचं तोंडानं बोलायचे ते दिवस नव्हते, पण मी बोलले. सगळ्यांसमोर बोलले. “आबा, तुमची जोड तुटंल म्हनून मला जलमभर घरात ठिवनार हायसा व्हय?”

आबांनी वर बघितलं. मी केवढी झालेय ते त्यांना जणू त्या क्षणी दिसलं. ते गाडीच्या जुवावर हळूच टेकले, पंचानं बाजूला बसवलेल्या पोरासारखे, आणि म्हणाले, “तुजं खरं हाय बाई. पर मग मी लढू कुनासंगं?”

माझा राग जागच्या जागी विरला. ज्या माणसाला मी वर्षभर मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याला खेळगडी हरवतो म्हणून रडू येत होतं. पलीकडं माझे होणारे सासरेही मान खाली घालून नारळावरची माती अंगठ्यानं खरवडत होते.

आई मात्र असल्या गोष्टींनी विरघळणारी बाई नव्हती. “ते मागनं बगू,” ती म्हणाली. तिनं आबांच्या हातातला नारळ काढून घेतला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ त्या गाडीपाशी गेली. “इहीनबाई, घ्या वो.” सासूबाईंनी मांडीवरच्या शेंगांची फोलपटं झटकली, नवऱ्याच्या हातातला दुसरा नारळ घेतला, माझ्यापाशी आल्या आणि माझ्या ओटीत घातला. कुंकू आईच्या कमरेच्या पिशवीत होतं. सुपारीही होती. ती बाई घरूनच तयारीनं आली होती की काय, हे तिनं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. चुलत्यांनी दगडावर सुपारी फोडली. असा माझा साखरपुडा झाला, कुस्तीच्या नारळांवर. ओटीतल्या नारळाची तांबडी माती माझ्या लुगड्याला लागली होती, ती मी बरेच दिवस धुतली नाही.

तो खाकी विजारवाला बैलांआडून हसत होता. मी बघितलं तर त्यानं बैलाच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली.

लग्न त्याच उन्हाळ्यात लागलं. कापडाला रेशन होतं, साखरेला रेशन होतं, पण गूळ सासरचा होता आणि हौसेला रेशन नव्हतं. अक्षता पडल्यावर व्याहीभेटीची वेळ आली. हार घालायचे आणि गळाभेट घ्यायची, एवढंच. दोघं नवे फेटे बांधून समोरासमोर आले. पण कशासाठी कोण जाणे, आबांचा डावा पाय पुढं आला, मामंजींची मान खाली गेली, आणि बघता बघता एकाचा हात दुसऱ्याच्या मानेवर. आयुष्यभर समोर आल्यावर जे केलं तेच हातापायांनी केलं. वाजंत्र्यांत जत्रेतला हलगीवाला होता. त्या पठ्ठ्यानं लग्नाचा ताल सोडला आणि कुस्तीचा धरला. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी! “आवं, हार चुरगाळला की!” आई ओरडली, तेव्हा दोघं भानावर आले आणि लाजून नमस्कार करत सुटले. मुंडावळ्यांतून मला काही धड दिसत नव्हतं, तरी मी एवढी हसले की शेजारी बसलेल्या नवऱ्यानं विचारलं, “ठीक हायस न्हवं?” त्याचं माझ्याशी पहिलं बोलणं ते.

पण लग्नानंतरच्या जत्रेला आबा नुसतेच गेले. पंचांनी त्यांना मानाचा फेटा बांधून गादीवर बसवलं. आईनं निरोप धाडला, तुझे आबा निम्म्यातनंच घरी आले, दूध पारडाला घाल म्हणाले. इकडं सासरी मामंजींचं वेगळं नव्हतं. उसाला पाणी पाजायला जायचे आणि वाफ्यात एकटेच उभं राहून मांडीवर शड्डू ठोकायचे. मी न्याहारी घेऊन गेले की खाकरून खोरं उचलायचे. आमच्या गुऱ्हाळामागं तांबड्या मातीचा मोकळा तुकडा होता. पूर्वी त्यांनी तिथं स्वतःसाठी कुस्तीचा हौदा केला होता. आता त्यात कोंबड्या लोळत होत्या.

“मग मी लढू कुनासंगं?” हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. एक दिवस भाकरी वाढता वाढता मी बोलून टाकलं, “मामंजी, आबांस्नी बोलावू का? मागं माती हाय की.”

त्यांचा घास हातात राहिला. “येडी का काय तू? व्याह्याची पाठ मातीला लावू?”

“नगा लावू,” मी म्हणाले. “इतकी वर्सं तरी कुटं लावलीसा?”

मामंजींनी माझ्याकडं बघितलं, सासूबाईंकडं बघितलं, आणि मग त्यांच्या पोटातून हसू वर आलं. ठसका लागेपर्यंत हसले. त्याच दुपारी ते स्वतः हौद्यातली माती उकरायला बसले. ताक ओतलं, तेल ओतलं, घरची हळद मूठ मूठ टाकली. सासूबाई म्हणाल्या, एवढ्या हळदीत दोन लग्नं झाली असती.

आबा आले ते फिरकीचा तांब्या खांद्याला लावून. कारण आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. घरचं पाणी आणि घरची भाकरी बांधून एवढा पल्ला तुडवत आले. ओसरीवर मामंजी म्हणाले, “या पाव्हनं, बसा.” आबा म्हणाले, “बसतो की. तुमी बरं हायसा न्हवं?” दोघं असे अदबीनं बोलत होते की मला वाटलं फसलं सगळं. मग गुऱ्हाळामागं गेले, धोतरं सोडली, मातीला हात लावला, आणि आवाज आला, “ये रं गड्या, लय दिस झालं!”

मी चुलीपुढून पळत गेले. मागाहून आबांना म्हणाले, “आवं आबा, माज्या हातचं घोटभर पानी चालत न्हाई, आनि हितली माती चालती व्हय?” आबा मातीनं माखलेले, धापा टाकत म्हणाले, “मातीला कसलं आलंय सासर-माहेर!” आणि आपल्या तांब्यातलं पाणी गटागटा प्याले. त्या दिवशीही बरोबरीच झाली. पंच मी होते.

मग ते येतच राहिले. सुगी झाली की यायचे, पेरणी आटोपली की यायचे. गुडघा कुरकुरायचा, मामंजींची कंबर धरायची, कुस्त्या आखूड होत चालल्या आणि मधले गप्पांचे थांबे लांबत चालले. पण दोघांच्या तोंडावर तकाकी आली होती. हे रजेवर आले की दोघांच्या अंगाला तेल लावून द्यायचे.

माझी थोरली माहेरी झाली. ती रांगायला लागल्यावर आबाच आम्हाला घेऊन सासरी आले. त्या दिवशी त्यांनी माझ्या घरचं पाणी पहिल्यांदा प्यायलं. पितळेचा पेला गच्च भरून दिला, तो एका दमात संपवला आणि मिशा पुसून म्हणाले, “ग्वाड हाय गं तुज्या हिरीचं पानी.” मग पुरणपोळीवर बोट बुडेल एवढं तूप घेऊन जेवले. सासूबाईंनी बरणीच पुढं ठेवली होती.

उन्हं कलल्यावर दोघं मातीत उतरले. पोरीला मी कडेला बसवलं होतं. दोघं गुडघ्यावर येऊन एकमेकांच्या मानेत हात घालून नुसते रेटत होते, तोवर ही रांगत मधे शिरली. तिनं आबांचा मोडका कान धरला आणि ओढला. आबा “आगं आगं” करत हसायला लागले, हसता हसता कलंडले, आणि सरळ उताणे पडले. पोरगी त्यांच्या छातीवर चढून बसली. ज्या पाठीला तीस वर्षांत कुणी माती लावली नव्हती, ती आख्खी मातीत.

मामंजी टाळ्या पिटायला लागले. “पाडलं! माज्या नातीनं पाडलं तुला!”

आबा पडल्या पडल्या म्हणाले, “बगतोस काय? तू बी पड. बरोबरी नगं व्हय?”

मामंजी कंबर सांभाळत आबांच्या शेजारी उताणे झाले. पोरगी एकाच्या छातीवरून दुसऱ्याच्या छातीवर गेली, तिथं नीट बसली, आणि दोन्ही हातांनी थापट्या मारायला लागली. दोघं आभाळाकडं बघत एवढे हसले की कोंबड्या उडून भिंतीवर बसल्या. मीही हसत होते, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं ते मी पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबा निघाले तेव्हा फिरकीचा तांब्या ओसरीवरच राहिला. मी तो घेऊन मागून हाक मारत धावले. त्यांनी वळून बघितलं आणि हात हलवला.

“ऱ्हाऊ दे गं,” ते म्हणाले. “आता काय करायचाय त्यो?”